सामाजिक संशोधनाचा स्वतंत्र व्यवसाय: पहिल्या प्रपोजलपासून स्वतःच्या टीमपर्यंत

बेसलाइन म्हणजे प्रकल्प सुरू होण्याआधीचं सर्वेक्षण, योजनेचं मूल्यमापन, सीएसआर (कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व) प्रकल्पाचा परिणाम-अभ्यास, गरजांची पाहणी ही कामं महाराष्ट्रात आता मोठ्या कंपन्यांपुरती उरलेली नाहीत. एखाद-दोन अनुभवी संशोधक, एक फील्ड समन्वयक आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले ओळखीचे सर्वेक्षक एवढ्या बळावर चांगली संस्था चालते. बंद पडते तेव्हा कारण बहुधा कामाचा तुटवडा नसतं. नेमका कोणता प्रश्न सोडवायचा हे न लिहिताच दर ठरवलेला असतो. मग नमुना वाढतो, तालुके वाढतात, अहवालाचे मसुदे वाढतात आणि रक्कम आहे तिथेच राहते. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी त्या लिहिलेल्या प्रश्नाला बांधलेली आहे.

काम कुठून येतं

मुख्य ग्राहक तीन: स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग आणि मोठ्या संशोधन संस्था, ज्या फील्डवर्क बाहेर देतात. सीएसआरच्या कामामागे कायद्याचा आधार आहे. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, मागच्या तीन आर्थिक वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक सीएसआर दायित्व असलेल्या कंपनीला, १ कोटी किंवा त्याहून मोठ्या आणि पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेल्या प्रकल्पांचा परिणाम-अभ्यास स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२२ च्या बदलानंतर या अभ्यासावर त्या वर्षाच्या सीएसआर खर्चाच्या २% किंवा ५० लाख, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंतचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येतो. सीएसआर विभागाशी बोलायला जाण्याआधी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा. प्रकल्पांची यादी आणि रकमा त्यातच असतात. कुठला प्रकल्प १ कोटीच्या वर आहे आणि केव्हा संपला हे सांगून सुरुवात केली की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

डेव्हनेटजॉब्सइंडियासारख्या संकेतस्थळांवर संस्थांच्या निविदा रोज येतात, पण दिसेल तिथे प्रपोजल पाठवू नये. एक नीट प्रपोजल म्हणजे तीन-चार दिवसांची मेहनत. विषय आपला नाही, बजेट सांगायला तयार नाहीत आणि मुदत दहा दिवसांची आहे, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तर सोडून द्या. सुरुवातीची दोन वर्षं मोठ्या संस्थांचं फील्डवर्क उपकंत्राटावर घेणं आम्हाला अधिक शहाणपणाचं वाटतं. पैसे कमी मिळतात, पण पद्धत शिकायला मिळते आणि पुढे दाखवायला कामांची यादी तयार होते.

नोंदणी आणि कागदपत्रं

एकट्याने सुरू करत असाल तर प्रोप्रायटरशिप पुरते. दोघे भागीदार असाल तर एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी). ट्रस्ट किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी अनुदानासाठी असते, फी घेऊन सेवा देण्यासाठी ती काढू नये. मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. व्यवसाय कराची नोंदणी करा, वर्षाला २,५०० रुपये. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, दर १८%. स्वयंसेवी संस्थांना या जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) बहुधा मिळत नाही, त्यांच्या दृष्टीने तो निव्वळ खर्च. म्हणून कोटेशनमध्ये 'जीएसटी वेगळा' हे ठळक लिहा. नाहीतर मंजूर बजेटमधूनच तो कापण्याची पाळी येते आणि १८% तुमच्या खिशातून जातात.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्याच आठवड्यात करा. ती मोफत आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होतं. वर्षअखेरीला थकलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे उद्यम क्रमांक बिलावर छापलेला असला की कंपनीचा अकाउंट्स विभाग स्वतःहून फोन करतो. केंद्र सरकारच्या निविदांमध्ये बयाणा रकमेतून सूटही याच नोंदणीवर मिळते.

परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेशी करार करताना एक गोष्ट विसरू नका. एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा) यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेला अनुदान म्हणून पुढे देता येत नाही. त्यामुळे तुमचा कागद सेवा-कराराचा हवा, त्यात फी आणि कामाचे टप्पे हवेत. 'अनुदान' किंवा 'भागीदार संस्था' हे शब्द त्यात येऊ देऊ नका.

प्रश्न लिहून घेणं

ग्राहक म्हणतो, "आमच्या पाणलोट प्रकल्पाचा इम्पॅक्ट बघायचा आहे." हा अभ्यासाचा प्रश्न झाला नाही. पहिल्या बैठकीत चार गोष्टी विचारा. हा अहवाल कोण वाचणार? वाचून कोणता निर्णय घेणार? तो निर्णय कोणत्या तारखेला आहे? आणि उत्तर अपेक्षेच्या उलट आलं तर काय कराल? चौथ्या प्रश्नावर बैठकीत शांतता पसरते आणि त्यातूनच पुढचं काम कसं होईल याचा अंदाज येतो.

त्यानंतर एका पानावर लिहा: मुख्य प्रश्न एक, उपप्रश्न चारपेक्षा जास्त नाहीत, कोणती गावं, कोणती कुटुंबं, तुलना कशाशी, आणि काय करणार नाही. 'काय करणार नाही' हा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. उदाहरणार्थ: 'या अभ्यासात भूजल पातळीचं मोजमाप होणार नाही, विहिरीला पाणी किती महिने टिकतं हे शेतकऱ्याच्या सांगण्यावरून नोंदवलं जाईल.' या पानावर ग्राहकाची ईमेलने संमती येईपर्यंत दर सांगू नका.

नमुना: ३८४ वर थांबू नका

९५% विश्वासपातळी आणि ±५% त्रुटी धरली की ३८४ हा आकडा येतो आणि अनेक प्रपोजलांमध्ये तोच जसाच्या तसा टाकलेला दिसतो. पण तो साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे. आपण गावं निवडतो आणि गावात कुटुंबं. एका गावातली कुटुंबं एकमेकांसारखी असतात, एकच विहीर, एकच शाळा, एकच बाजार. म्हणून डिझाइन इफेक्ट, म्हणजे या सारखेपणामुळे नमुना किती पटीने वाढवायचा तो गुणक, धरावा लागतो. तो १.५ धरला तर ३८४ चे ५७६ होतात. १०% घरं मिळणार नाहीत असं गृहीत धरलं तर ५७६ भागिले ०.९, म्हणजे ६४०. त्याची ३२ गावं गुणिले २० कुटुंबं अशी वाटणी करा. १६ गावांत ४० घरं घेतली तर वाहनखर्च वाचतो, पण डिझाइन इफेक्ट वाढतो आणि आकड्यांची ताकद जाते. हे ग्राहकाला आधीच सांगा. आणि हे गणित सगळ्या नमुन्याचं मिळून आहे. प्रत्येक तालुक्याचे वेगळे आकडे हवे असतील तर नमुना तेवढ्या पटीत वाढतो.

गावांची यादी बहुधा २०११ च्या जनगणनेतून घ्यावी लागते. तिथे जिल्ह्यांच्या हद्दी तपासा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे जव्हार, मोखाडा, डहाणू वगैरे आठही तालुके जनगणनेत ठाण्याखाली सापडतात. दुय्यम आकड्यांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१), शाळांसाठी यूडायस प्लस ही सरकारी माहिती-प्रणाली आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हाताशी ठेवा. हे समालोचन फारसं कोणी उघडत नाही, पण तालुकानिहाय आकड्यांसाठी त्याचा मोठा उपयोग होतो.

गावात घर निवडताना खरी गडबड होते. सर्वेक्षक गाडीतून उतरतो तो गावठाणात, आणि ग्रामपंचायतीजवळची, रस्त्याकडेची घरं करून मोकळा होतो. वाड्या, वस्त्या, तांडे, पाडे सुटतात, आणि सगळ्यात गरीब कुटुंबं बहुधा तिथेच असतात. यावर उपाय एकच: गावात पोचल्यावर पहिला तास नकाशाला द्यायचा. पोलीस पाटील, आशा किंवा अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर बसून गावठाण आणि प्रत्येक वस्ती कागदावर काढायची, अंदाजे घरं लिहायची आणि २० घरं त्या प्रमाणात वाटायची. प्रत्येक वस्तीत ठरावीक अंतराने घर. कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, मगच आधी काढून ठेवलेल्या राखीव यादीतलं घर. शेजारचं घर नाही.

प्रश्नावली आणि पायलट

'प्रशिक्षणाचा तुम्हाला फायदा झाला का?' या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. समोर संस्थेचा कार्यकर्ता उभा असेल तर नक्कीच. त्याऐवजी विचारा: 'मागच्या खरिपात बियाण्यांवर बीजप्रक्रिया केली का? कोणत्या पिकाच्या? काय वापरलं?' उत्तर देणाऱ्याला द्रव्याचं नाव किंवा डब्याचा रंगही सांगता आला नाही तर 'हो' ची किंमत कळते. वार्षिक उत्पन्न थेट विचारू नये. पीकवार किती क्विंटल विकलं, काय भाव मिळाला, मजुरीचे किती दिवस, असं विचारून बेरीज आपण करायची.

एककांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. जमीन कोणी एकरात सांगतं, कोणी गुंठ्यात. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. फॉर्ममध्ये एकच रकाना असेल तर २० गुंठेवाला शेतकरी डेटामध्ये २० एकरांचा बागायतदार होऊन बसतो, आणि अशी पाच-सात कुटुंबं सगळी सरासरी बिघडवतात. एकर आणि गुंठे असे दोन रकाने ठेवा, गुंठ्यांना ३९ ची मर्यादा घाला.

फॉर्म कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके या मोबाइलवर सर्वेक्षण करण्याच्या सॉफ्टवेअरवर तयार करा. दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात, संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर डेटा पाठवता येतो. मुलाखत ४५ मिनिटांच्या आत संपली पाहिजे. त्यापुढे उत्तरं घाईची होतात. पायलट, म्हणजे प्रश्नावलीची चाचणी, नमुन्याबाहेरच्या गावात २०-२५ घरांचा करा आणि त्यानंतर किमान दोन दिवस दुरुस्तीसाठी मोकळे ठेवा. पायलट संपला त्याच संध्याकाळी टीम फील्डवर निघाली तर पायलटचा उपयोग शून्य. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, नंदुरबारात भिली आणि पावरी बोलणारे सर्वेक्षक लागतात. मराठी प्रश्नावलीवरून जागच्या जागी भाषांतर करू देऊ नका. दहा सर्वेक्षक दहा वेगळे प्रश्न विचारतात.

दर काढणं

आधी स्वतःचा दिवसाचा दर. समजा, वर्षाला घरी ९ लाख न्यायचे आहेत आणि कार्यालय, सॉफ्टवेअर, सीए, प्रवास यांचे ३ लाख आहेत. वर्षात बिल लावता येतील असे दिवस १२० च्या आसपासच निघतात. उरलेले प्रपोजल, बैठका, वसुली आणि हिशेबात जातात. १२ लाख भागिले १२०, म्हणजे दिवसाला १०,००० रुपये. नवे लोक २५० दिवसांनी भागतात आणि निम्म्या दरात काम करत राहतात.

आता वरच्या ६४० घरांच्या अभ्यासाचा हिशेब. दर उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या जिल्ह्याप्रमाणे बदला. एक सर्वेक्षक दिवसाला ५ मुलाखती नीट करतो, म्हणजे १२८ मनुष्य-दिवस. आठ सर्वेक्षक घेतले तर १६ दिवस. त्यात प्रशिक्षण आणि पायलटचे ३, राहिलेल्या घरांसाठी २, असे २१ दिवस.

- सर्वेक्षक: ८ × २१ × ९०० = १,५१,२००
- पर्यवेक्षक: २ × २१ × १,३०० = ५४,६००
- राहणं-जेवण: १० जण × २१ × ५०० = १,०५,०००
- वाहन: २ × १८ दिवस × ३,००० = १,०८,०००
- छपाई, इंटरनेट, टॅबचं भाडं: २५,०००
- १२ गटचर्चांच्या ध्वनिमुद्रणावरून लेखन: १२ × ३,००० = ३६,०००
- संशोधकाचे ४० दिवस × १०,००० = ४,००,०००

बेरीज ८,७९,८००. पहिल्या पाच ओळींचा फील्डखर्च ४,४३,८०० आहे, त्यावर १०% आकस्मिक खर्च धरा, ४४,३८०. मग एकूण रकमेवर १०% शिल्लक. आकडा येतो साधारण १०.१७ लाख अधिक जीएसटी. ही शिल्लक म्हणजे संस्थेचं भांडवल. ती तुमच्या पगारात मिसळू नका. ग्राहक रक्कम कमी करायला सांगेल तेव्हा दर कमी करू नका, काम कमी करा: गटचर्चा सहा करा, एक तालुका काढा, आणि त्याने अहवालातून काय गळेल तेही लिहून द्या.

पैसे कधी येतात

फील्डखर्चाचे ४.४४ लाख पहिल्या महिन्यातच हातातून जातात. ग्राहक २०% ॲडव्हान्स देऊ म्हणाला तर २.०३ लाख होतात, त्यातून १०% टीडीएस गेला की हातात १.८३ लाख. बाकीचे कुठून आणणार? म्हणून ४०% करारावर, ३०% फील्डवर्क संपल्यावर, २०% मसुद्यावर, १०% अंतिम अहवालावर असे टप्पे मागा. ४०% घेऊनही टीडीएस जाऊन ३.६६ लाखच येतात, म्हणजे ७८ हजारांची तूट राहतेच. ती भरायला स्वतःचा राखीव निधी हवा.

बिलात जीएसटी वेगळा दाखवा, म्हणजे टीडीएस मूळ रकमेवरच कापला जातो. जीएसटी म्हणून आलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाका. ती तुमची नाही. बिल काढलं की ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत, कर भरावाच लागतो. म्हणून टप्पा पूर्ण झाल्याचा ईमेल ग्राहकाकडून आल्यावर बिल काढावं. शेवटचा १०% टप्पा 'अहवाल मंजूर झाल्यावर' असा लिहू नका. 'अंतिम अहवाल सादर केल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास मंजूर समजला जाईल' असं लिहा. हे वाक्य नसल्यामुळे शेवटचा हप्ता वर्षभर लोंबकळत राहतो, कारण तोवर ग्राहकाकडची माणसंही बदललेली असतात.

बहुतेक ग्राहकांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारी ते मार्च तीन कामं एकदम येतात आणि एप्रिल ते जुलै कोरडे जातात. चार महिन्यांचा स्थिर खर्च बँकेत असल्याशिवाय कायमचा माणूस नेमू नका.

फील्ड

वेळापत्रक गावाच्या दिनक्रमाने ठरवायचं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर माणसं घरी भेटतात. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नये. बीडच्या ऊसतोड पट्ट्यात जानेवारीत गेलात तर घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलंच सापडतात, कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर गेलेली असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. अशा वेळी मोजलेली रोजगाराची आकडेवारी चुकीचीच निघणार. ग्राहकाची ३१ मार्च आणि गावाचा हंगाम यांची टक्कर होत असेल तर ते प्रपोजलमध्येच मांडा.

पर्यवेक्षकाने रोज प्रत्येक सर्वेक्षकाची एक मुलाखत शेजारी बसून ऐकावी. १०% घरांना दुसऱ्याच माणसाने पुन्हा भेट देऊन किंवा फोन करून पाच-सहा न बदलणारे प्रश्न विचारावेत: घरात माणसं किती, शौचालय आहे का, मुलाखत घ्यायला कोणी आलं होतं का. रोज रात्री डेटा बघा. ४५ मिनिटांची मुलाखत १४ मिनिटांत झालेली, सलग घरांचं जीपीएस एकाच जागी, एकाच सर्वेक्षकाच्या फॉर्ममध्ये 'कर्ज नाही' असंच उत्तर, कारण 'आहे' म्हटलं की पुढचे आठ प्रश्न उघडतात. ही लक्षणं पहिल्या तीन दिवसांत पकडली तर दुरुस्त होतात. शेवटच्या दिवशी पकडली तर गाव पुन्हा करावं लागतं. सर्वेक्षकाला मुलाखतीच्या संख्येवर पैसे देऊ नका, दिवसावर द्या. संख्येवर दिले की खोटे फॉर्म येणारच.

महिला सर्वेक्षकांना वेगळी खोली, अंधार पडण्याआधी परतीची गाडी आणि सगळ्यांचा अपघात विमा यांत काटकसर नको. मजुरी काम संपल्यापासून सात दिवसांत बँकेत जमा करा. ग्राहकाने पैसे दिले नाहीत हे सर्वेक्षकाला सांगण्याचं कारण असू शकत नाही. वेळेवर पैसे देणाऱ्या संस्थेकडे चांगली माणसं पुन्हा येतात.

अहवाल आणि आकड्यांवरचा दबाव

'हा ३८% आकडा थोडा वर नेता येईल का?' ही विनंती कधी ना कधी येतेच. त्या दिवशी कणा दाखवायचा तर करारात आधार हवा. दोन कलमं घाला. एक: ग्राहकाला मसुद्यावर १० दिवसांत एकदाच, एकत्रित आणि लेखी सूचना देता येतील. तथ्याच्या चुका दुरुस्त होतील, निष्कर्ष बदलणार नाहीत. दोन: निष्कर्ष मान्य नसतील तर ग्राहकाचं म्हणणं अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडलं जाईल. सोबत प्रतिकूल निष्कर्ष मसुद्याच्या दोन आठवडे आधी तोंडी सांगा. प्रकल्पाच्या माणसांना तो बैठकीत सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळला तर भांडण आकड्यांशी सुरू होतं. ज्या प्रकल्पाच्या आखणीत तुम्ही सल्ला दिला त्याचं मूल्यमापन घेऊ नका, पैसे कितीही असोत.

सारांश दोन पानांचा, मराठीत. ग्राहकाचा अहवाल इंग्रजीत असला तरी गावाला परत द्यायला एक मराठी पान तयार करा आणि त्याचा एक दिवस बजेटमध्ये धरा. ज्यांनी पाऊण तास बसून उत्तरं दिली त्यांना काय निघालं ते कळायला हवं, आणि पुढच्या वेळी त्याच गावात दारं उघडतात.

वाढ

पहिला कायमचा माणूस दुसरा संशोधक नसावा. फील्ड समन्वयक नेमा, जो गाड्या, मुक्काम, व्हाउचर आणि सर्वेक्षक सांभाळेल. तुमचे महिन्याचे सात-आठ दिवस त्यातून सुटतात. दुसरा माणूस डेटाचा, आर किंवा स्टाटा हे सांख्यिकी सॉफ्टवेअर येणारा. तोवर जिल्हावार सर्वेक्षकांची यादी वाढवत राहा: भाषा, दुचाकी आहे का, मागच्या कामात बॅक-चेकमध्ये (पुन्हा भेट देऊन केलेल्या पडताळणीत) किती फरक आला.

बेसलाइन केलेल्या ग्राहकाकडे एंडलाइनसाठी (प्रकल्पाच्या शेवटच्या सर्वेक्षणासाठी) अठरा महिन्यांनी स्वतःहून जा. जुनी गावयादी, प्रश्नावली आणि डेटातल्या चुका काढण्याचा (क्लीनिंगचा) कोड जपलेला असेल तर दुसऱ्या फेरीत आखणीचे दिवस निम्मे लागतात आणि तरीही तुलना विश्वासार्ह राहते. एका ग्राहकाकडून ४०% पेक्षा जास्त उत्पन्न येऊ लागलं तर नवा ग्राहक शोधणं हेच त्या तिमाहीचं मुख्य काम. दर वर्षी १ एप्रिलला दिवसाचा दर नव्याने काढा आणि जुन्या ग्राहकांना फेब्रुवारीतच कळवा, म्हणजे त्यांच्या पुढच्या बजेटमध्ये तो बसतो.

डेटा जपण्याचीही शिस्त लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतांश तरतुदी १८ महिन्यांनी लागू होतात. नावं, फोन आणि जीपीएस वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्डखाली ठेवा. विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त कुटुंब क्रमांक. १८ वर्षांखालच्या मुलांची मुलाखत असेल तर पालकांची संमती आधी घ्या. ग्राहकाला ओळख काढलेला डेटाच द्यायचा, आणि नावांची फाइल कोणत्या तारखेला पुसणार हे करारात लिहून ती तारीख समन्वयकाच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवायची.